पिक्चर ट्यूबसुद्धा नेणारी ई-कचरा सेवा: एका दुरुस्तीवालीचा अनुभव

विजेची उपकरणं दुरुस्त करणं हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. सुरुवात रेडिओ आणि टीव्हीपासून झाली, मग फ्रीज आणि मायक्रोवेव्ह आले, पुढे कम्प्युटरचे पॉवर सप्लाय आणि मोबाइल. वर्कशॉप बंद करायचं ठरवलं तेव्हा मागची खोली रिकामी करणं भाग होतं. या धंद्यात माल कसा साठतो ते आमच्यातल्यांना सांगायला नको. पार्टसाठी ठेवलेले सेट, गिऱ्हाइकाने परत नेलेच नाहीत असे मॉनिटर, काढलेले कॉम्प्रेसर, फुगलेल्या बॅटऱ्या, जळके बोर्ड, ट्यूबलाइटचे चोक, रिमोटची खोकी. यातलं काहीही कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही हे पक्कं होतं. म्हणून घरून माल नेणारी एक ई-कचरा सेवा निवडली, तिच्याकडे सगळं दिलं, आणि नंतर त्यांचं तोडणी केंद्रही पाहून आले.

सेवेचं नाव मुद्दाम देत नाही. खाली ज्या गोष्टी मी तपासल्या त्या कोणत्याही सेवेच्या बाबतीत तपासता येतात, आणि वाचणाऱ्याने आपल्या जवळच्या सेवेच्या तपासाव्यात हाच लिहिण्यामागचा हेतू आहे. माझं मत आधीच सांगते: ही सेवा चांगली आहे आणि मी तिची शिफारस करते. प्लास्टिकबद्दल त्यांनी दिलेलं उत्तर मात्र अपुरं आहे, आणि चालू वस्तू तोडण्यावरून माझं त्यांच्याशी भांडण आहे, ते अजून मिटलेलं नाही.

माझी कसोटी एकच. तांबं, कॉम्प्रेसर, मदरबोर्ड यांना गिऱ्हाईक कुठेही मिळतं. ते कुणी नेलं म्हणून नेणाऱ्याबद्दल काहीच कळत नाही. पिक्चर ट्यूब, पारा असलेल्या नळ्या, फुगलेली लिथियम बॅटरी, जुने तेलाचे कंडेन्सर, आगरोधक रसायन घातलेलं काळं प्लास्टिक, यांतून कुणाला काही सुटत नाही, उलट खर्चच होतो. या मालाचं ते काय करतात यावरून सेवा ओळखायची.

निवड करण्याआधी मी आणखी एका ठिकाणी विचारलं होतं. त्यांचा माणूस येऊन खोली बघून गेला आणि म्हणाला, "बोर्ड, कॉम्प्रेसर, वायरी देऊन टाका. ट्यूबा तुमच्याकडेच राहू द्यात, त्यांना कोणी विचारत नाही." त्यांना मी काही दिलं नाही. किमती भाग एकाने काढून नेला की उरलेल्या सांगाड्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. तो सांगाडा शेवटी उघड्यावर जातो आणि ट्यूबच्या काचेतलं शिसं पावसाच्या पाण्यात उतरतं.

हे एकट्यादुकट्याचं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये काढलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातल्या फक्त २२.३ टक्के मालाचं रीतसर संकलन आणि पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. बाकीचा कुठे गेला याचा कागद कुणाकडे नाही. माझ्या खोलीतला माल त्या बाकीच्यात जाऊ द्यायचा नव्हता.

पहिला फोन

फोन उचलणाऱ्या मुलीने विचारलेल्या प्रश्नांवरूनच माझा निम्मा विश्वास बसला. पिक्चर ट्यूब अख्ख्या आहेत की मान तुटलेल्या? फ्रीजची नळी कुणी कापली आहे का? लिथियम बॅटऱ्या उपकरणात आहेत की सुट्या, आणि सुट्यांपैकी फुगलेल्या किती? ट्यूबलाइट फुटलेल्या आहेत का? ज्याच्यामागे हे सगळं हाताळणारी माणसं उभी आहेत तोच असे प्रश्न विचारतो. ज्याला फक्त वजन हवं असतं तो "किती किलो?" एवढंच विचारतो.

हिशोबही तिने तिथेच उलगडून सांगितला. बोर्ड, धातू आणि केबलचे पैसे ते देतात, ट्यूब आणि पाऱ्याच्या नळ्यांचं शुल्क घेतात, आणि दोन्ही एकाच बिलात मांडतात. मला हे योग्य वाटलं. पिक्चर ट्यूब फुकटात नेतो म्हणणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असेल, की मग तिची विल्हेवाट कुणाच्या पैशाने लागते?

उचल

गाडीबरोबर दोघं आले. त्यांच्यातला वयाने मोठा आधी बॅटऱ्यांकडे वळला, आणि हा क्रम अगदी बरोबर होता. त्यांनी कोरड्या वाळूचे झाकणवाले डबे आणले होते. एकेक सुटी बॅटरी घ्यायची, टर्मिनलवर चिकटपट्टी लावायची आणि वाळूत एकमेकींपासून अंतर ठेवून ठेवायची, असं चाललं होतं. फुगलेल्या बॅटऱ्यांना वेगळा डबा. एका मोबाइलची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं. बरोबरचा मुलगा ती पेचकसाने उचकटून काढायला निघाला तेव्हा मोठ्याने त्याचा हात धरला: "ती तशीच राहू दे. मोबाइलसकट वाळूत ठेव." लिथियम बॅटरीच्या आतला पातळ पडदा फाटला की दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात, उष्णता वाढत जाते आणि मग आग आवरत नाही. कचऱ्याच्या गाड्यांना आणि कचरा वेगळा करणाऱ्या कारखान्यांना लागणाऱ्या कित्येक आगी अशाच दाबल्या गेलेल्या बॅटऱ्यांमुळे लागतात. आमच्या वर्कशॉपमध्येही हाच नियम होता, त्यामुळे तो त्यांच्याकडे पाळलेला बघून बरं वाटलं.

फ्रीज त्यांनी उभेच नेले, आडवे केले नाहीत. कॉम्प्रेसर सोडवून घेण्यासाठी जागेवरच नळी कापणारी माणसं मी आयुष्यभर बघत आले आहे. एक फुस्स आवाज होतो आणि काम संपतं. त्या आवाजासरशी जे हवेत जातं त्याचा हिशोब असा: जुन्या फ्रीजमधला आर-१२ वायू शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट तापमानवाढ करतो आणि ओझोनचा थरही खातो. त्याच्यानंतर आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीत तोही सुमारे १,४३० पट आहे. नव्या फ्रीजमधला आर-६००ए या बाबतीत निरुपद्रवी, मात्र तो ज्वलनशील आहे, त्यामुळे बंद खोलीत नळी कापणाऱ्याच्या जिवालाच धोका.

ट्यूबलाइटच्या बाबतीत मात्र त्यांचं चुकलं. लांब नळ्यांसाठी खोकं आणलंच नव्हतं. त्या मुलाने त्या सुतळीने बांधून केबलच्या ढिगावर ठेवल्या. प्रत्येक नळीत काही मिलिग्रॅम पारा असतो, फुटली की त्याची वाफ गाडीतल्या माणसांच्या श्वासात जाते. मी हरकत घेतली आणि माझ्याकडचे पुठ्ठ्याचे लांब खोके दिले. मोठ्याने निमूटपणे सगळ्या नळ्या काढून त्यात भरल्या. मी हे त्यांच्या कार्यालयालाही लेखी कळवलं.

निघताना त्यांनी वजनकाट्यावर वर्गवारीने वजन केलं आणि यादी हातात दिली. यादीत "मिश्र इलेक्ट्रॉनिक भंगार" असा एकच रकाना नव्हता. पिक्चर ट्यूब नगावर, एलसीडी मॉनिटर वेगळे, बोर्ड वेगळे, केबल वेगळी, बॅटऱ्या रसायनाप्रमाणे वेगळ्या, आणि डेटा असलेल्या प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर. एलसीडी वेगळे मोजायचं कारण असं, की जुन्या पडद्यांमागे बारीक पाऱ्याच्या नळ्यांचा उजेड असतो, एलईडीवाल्यांमागे नसतो. ज्याच्या यादीत हा फरक दिसतो त्याने आत काय आहे हे कधीतरी उघडून पाहिलेलं असतं.

तोडणी केंद्र

केंद्र बघायची परवानगी मागितली तर लगेच मिळाली. ही सेवा निवडताना हाही माझा एक निकष होता. बघू देत नाहीत त्यांना माल द्यायचा नाही.

पिक्चर ट्यूबच्या टेबलापाशी मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले. ट्यूब आल्यावर आधी ॲनोडच्या, म्हणजे जास्त दाबाची वीज जिथे जोडलेली असते त्या बटणाच्या, कॅपखाली साठलेली वीज अर्थच्या तारेने उतरवतात आणि मग कॅप काढतात. रंगीत ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि बंद सेटमध्येही झटका देण्याइतके उरू शकतात. मग ॲनोडच्या बटणापाशी बारीक भोक पाडून आत हवा घेतात, म्हणजे निर्वातामुळे काच आतल्या बाजूला फुटून उडत नाही. पुढची काच आणि मागचं नरसाळं जिथे जोडलेलं असतं तिथे एक तार गुंडाळतात, वीज देऊन ती तापवतात, आणि काच त्या रेषेवर तडकून दोन भाग सुटे होतात. हे वेगळं करणं महत्त्वाचं, कारण रंगीत ट्यूबच्या समोरच्या काचेत मुख्यतः बेरियम आणि स्ट्रॉन्शियम असतं, तर मागच्या नरसाळ्यात आणि मानेत शिशाचं प्रमाण भरपूर. समोरच्या काचेच्या आतली चमकणाऱ्या पावडरची साय ते फिल्टर बसवलेल्या व्हॅक्यूमने ओढून घेतात. तिथला माणूस मास्क लावून, हूडखाली काम करत होता. हातमोजे कोपरापर्यंत होते.

या काचेचं पुढे काय होतं हे मी थेट विचारलं. पूर्वी ती वितळवून नव्या ट्यूब बनत. आता ट्यूब जवळपास कोणी बनवत नाही, त्यामुळे ती वाट बंद झाली. अमेरिकेत काही कंपन्यांनी काच घेण्याचे पैसे घेतले, ती गोदामांत साठवली आणि गोदामं तशीच टाकून धंदा गुंडाळला. इथल्या व्यवस्थापिकेने मला शिशाच्या भट्टीला पाठवलेल्या खेपांच्या पावत्या दाखवल्या. तिथे काचेतलं शिसं निघतं आणि उरलेली काच मळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ थरात, जाते. पावतीवरचं वजन आणि त्यांच्या आवक-नोंदीतलं वजन जुळत होतं. इतक्या बिनकिमतीच्या मालाचा इतका चोख कागद मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

फ्रीजसाठी चिमट्यासारखं एक अवजार आहे. ते नळीला भोकही पाडतं आणि त्याच क्षणी वायू ओढून सिलिंडरमध्येही घेतं. कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळलेला वायू राहतो, म्हणून तेल तापवून तोही काढतात. फ्रीजच्या भिंतींतल्या फोमचं काम मात्र इथे होत नाही. जुन्या फोमच्या बुडबुड्यांत सीएफसी-११ हा ओझोन खाणारा वायू भरलेला असतो, आणि तो पकडायचा तर सबंध कपाट बंदिस्त यंत्रात दळावं लागतं. ती यंत्रणा आपल्याकडे नाही, कपाटं आम्ही पुढच्या कारखान्याला पाठवतो, असं त्यांनी न लपवता सांगितलं आणि त्या कारखान्याचा करार दाखवला. सगळं आम्हीच करतो असं कुणी सांगितलं असतं तर मला शंका आली असती. या धंद्यात सगळं एका छपराखाली करणारे फार थोडे असतात.

बोर्डांच्या टेबलावर मला माझं वर्कशॉप आठवलं, कारण काम हातानेच चाललं होतं. बटण सेल, ॲल्युमिनियमची हीटसिंक, लोखंडी फ्रेम, मोठे कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर हे सगळं आधी सुटं करतात आणि मग बोर्ड पुढे तांब्याच्या मोठ्या भट्टीला जातात. अशा भट्ट्या जगात मोजक्याच आहेत. बेल्जियममध्ये होबोकनला उमिकोरची, स्वीडनमध्ये रोनस्कारला बोलिडेनची. अशा भट्टीत वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलॅडियम आपल्यात ओढून घेतं, आणि पुढे विजेने तांबं शुद्ध करताना तळाला जो गाळ बसतो त्यातून हे मौल्यवान धातू वेगळे करतात. लोखंड, ॲल्युमिनियम, टँटलम मात्र मळीत जातात आणि तिथून धातू म्हणून परत मिळत नाहीत. म्हणून ते आधीच हाताने काढणं गरजेचं. सगळं उपकरण सरसकट यंत्रात घालून चुरा केला तर काम झटपट होतं, पण सोन्याचा काही भाग प्लास्टिकच्या आणि लोखंडाच्या चुऱ्यात धूळ होऊन निघून जातो. टनभर चांगल्या खनिजातून काही ग्रॅम सोनं निघतं. मोबाइलच्या टनभर बोर्डांत त्याच्या कितीतरी पट असतं. ते हातचं घालवणं म्हणजे कुठेतरी आणखी एक खाण खोदणं.

याच बोर्डांचं दुसरीकडे काय होतं हे माहीत असल्याशिवाय या टेबलाचं मोल कळणार नाही. चीनमधलं ग्वियू आणि घानातलं अॅगबोगब्लोशी ही नावं या विषयात वारंवार येतात. अशा ठिकाणी बोर्ड निखाऱ्यावर धरून सोल्डर वितळवलं गेलं, नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात सोनं विरघळवलं गेलं, आणि उरलेलं आम्ल जमिनीत किंवा नाल्यात ओतलं गेलं. तांब्यासाठी केबल जाळली की वरच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं तयार होतात, आणि खुद्द तांबंच ती प्रक्रिया वाढवतं. मी स्वतः आयुष्यभर सोल्डरच्या धुरात बसले आहे, पण आमच्या आयर्नचं तापमान आमच्या हातात असतं आणि खिडकी उघडी असते. निखाऱ्यावर बोर्ड धरणाऱ्या माणसाच्या, बरेचदा लहान मुलाच्या, हातात यातलं काहीच नसतं.

जुन्या तेलाच्या कंडेन्सरांची त्यांना पूर्ण माहिती होती. ट्यूबलाइटच्या जुन्या चोकबरोबरच्या आणि मोटरच्या कंडेन्सरांत पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, सर्किट बोर्ड नव्हे) नावाचं तेल असायचं. ही रसायनं स्टॉकहोम करारात, म्हणजे निसर्गात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय करारात, पहिल्यापासून आहेत. तारीख कळत नसेल तर आम्ही ते पीसीबीवालेच धरतो आणि उच्च तापमानाच्या भट्टीला पाठवतो, असं तिथल्या मुलाने सांगितलं. शंका असेल तिथे वाईटच गृहीत धरायचं, हा नियम मला पटला.

डेटा

माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या बऱ्याच हार्ड डिस्क पडून होत्या, त्यामुळे हा भाग माझ्या दृष्टीने जबाबदारीचा होता. इथे त्यांनी मला दोन पर्याय दिले: पुसून पुन्हा वापर, किंवा चुरा. अमेरिकेतल्या एनआयएसटी संस्थेची ८००-८८ ही मार्गदर्शिका ते वापरतात. तबकडीच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे नव्याने लिहून ती तपासली की पुरतं. एसएसडीचं, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, तसं नसतं. आतला कंट्रोलर लिखाण वेगवेगळ्या चिपमध्ये फिरवत राहतो, म्हणून वरून लिहिलं तरी जुने तुकडे राहू शकतात. तिथे उत्पादकाने दिलेली आतली पुसण्याची आज्ञा वापरावी लागते, किंवा मुळात डेटा कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असेल तर किल्ली नष्ट करावी लागते. चुंबकाने पुसणं एसएसडीला लागूच होत नाही, आणि ड्रिलने मधोमध पाडलेलं भोक दोन चिपच्या मधून गेलं तर डेटा जसाच्या तसा राहतो. हे सगळं त्यांच्या तंत्रज्ञाने आपणहून समजावलं.

प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर, कोणत्या पद्धतीने पुसली आणि तपासणीचा निकाल, असं प्रमाणपत्र नंतर आलं. मी उचलीच्या यादीशी ते ओळीने ताडून पाहिलं. सगळे नंबर जुळले. डिस्कांचा चुरा करा असं मी म्हटलं नाही, कारण चुऱ्यात गेलेलं निओडिमियम या दुर्मीळ मृदा धातूचं चुंबक लोखंडाला चिकटून भट्टीत जातं आणि संपतं. दुर्मीळ मृदा धातूंच्या मागणीपैकी जेमतेम एक टक्का ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणातून भागते. इथे डिस्क तोडतानाही चुंबकं हाताने सुटी करून साठवत होते, हे पाहून मला खरंच आनंद झाला.

मोबाइल देणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. देण्याआधी आपलं खातं फोनमधून काढा, कूटबद्ध आहे ना ते बघा, मग फॅक्टरी रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. खातं तसंच राहिलं तर फोन कुलूपबंद राहतो, आणि उत्तम चालणारा फोनही फक्त तोडण्याच्या लायकीचा उरतो. त्यांच्याकडे अशा फोनचा मोठा क्रेट भरलेला होता. तो बघून मला वाईट वाटलं.

जिथे ते कमी पडतात

प्लास्टिक. टीव्ही-मॉनिटरच्या मागच्या काळ्या खोक्यांत आग पसरू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घातलेली असतात. त्यातल्या काहींवर स्टॉकहोम करारानुसार बंदी आली आहे. हे प्लास्टिक सरसकट दळून विकलं की ती रसायनं खेळण्यांत आणि स्वयंपाकाच्या काळ्या चमच्यांत जातात, आणि असं झाल्याचं तपासण्यांत आढळलंही आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा प्रकार आणि आगरोधक असल्यास 'एफआर' अशी खूण असते. ती बघून किंवा क्ष-किरणांच्या उपकरणाने ब्रोमिन मोजून वेगळं करता येतं. केंद्रात मला एकच मोठा ढीग दिसला. विचारल्यावर "पुढचा कारखाना वेगळं करतो" असं उत्तर आलं. कोणता कारखाना, ब्रोमिनवालं शेवटी कुठे जाळतात किंवा पुरतात, याचा कागद मागितला. त्यांनी पाठवलेल्या कागदावर फक्त "प्लास्टिक, मिश्र" आणि वजन होतं. शिशाच्या काचेचा एवढा चोख हिशोब ठेवणाऱ्यांकडून मला ही अपेक्षा नव्हती. मी पुन्हा लिहिलं आहे.

माल पुढे कुठे जातो हे विचारत राहणं आगाऊपणाचं नाही. बासेल ॲक्शन नेटवर्क या संस्थेने अमेरिकेत जुन्या उपकरणांत जीपीएस ट्रॅकर लपवून ती पुनर्चक्रीकरणासाठी दिली, आणि २०१६ मध्ये जाहीर केलं की त्यातली जवळपास एक तृतीयांश परदेशी निघून गेली. १ जानेवारी २०२५ पासून घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीवरच्या बासेल कराराच्या दुरुस्तीनुसार, घातक असो वा नसो, कोणताही ई-कचरा सीमेपलीकडे पाठवायचा तर घेणाऱ्या देशाची आधी संमती लागते. ही दुरुस्ती घाना आणि स्वित्झर्लंड यांनी मिळून मांडली होती. नियम चांगला आहे, पण "वापरलेली वस्तू" अशी चिठ्ठी लावून कचरा पाठवता येतो तोवर पावतीवर शेवटचा मुक्काम लिहिलेला असणं हाच आपल्या हातातला उपाय आहे.

दुसरी तक्रार माझ्या धंद्यातून आलेली. मी दिलेल्या मालात काही मॉनिटर आणि पॉवर सप्लाय एखाद-दोन कंडेन्सर बदलले की चालले असते. मी त्यांवर चिठ्ठ्या लावल्या होत्या: दोष काय, भाग कोणता. चिठ्ठ्या कुणी वाचल्या नाहीत. मॉनिटर टेबलावर आले आणि सुटे झाले. विचारलं तर कारण मिळालं की पुन्हा वापरात दिलेली वस्तू बिघडली तर जबाबदारी आमच्यावर येते, आणि तपासायला माणूस ठेवणं परवडत नाही. जबाबदारीची भीती मला समजते. पण मॉनिटर बनवताना जे खाणकाम, जी वीज, जी रसायनं खर्च झाली त्यातलं फार थोडं भट्टीतून परत येतं. दुरुस्त केलेला मॉनिटर ते सगळंच्या सगळं वाचवतो. निदान रिले, ट्रान्सफॉर्मर, रिमोट, स्टँड असे तपासायला सोपे भाग दुरुस्तीवाल्यांना वजनावर मिळावेत, म्हणजे बंद झालेल्या मॉडेलचे सेट आणखी काही वर्षं चालतील. शिकाऊ मुलांना तिथे बसवून तपासणीचं एक टेबल सुरू करा, मी शिकवायला येते, असं मी त्यांना लिहून दिलं आहे. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, हो पण म्हटलेलं नाही.

कुणी वापरावी

घरात पडून असलेला जुना ट्यूबचा टीव्ही, फ्रीज, फुगलेली बॅटरी किंवा डेटा असलेल्या डिस्का ज्यांच्याकडे आहेत त्यांनी अशीच सेवा शोधावी. या चार गोष्टींत यांचं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि कागदही तपासला आहे. नुसते चार्जर, केबल, इअरफोन द्यायचे असतील तर जवळच्या संकलन पेटीत टाकले तरी चालतं, मात्र त्यात बॅटरी असलेलं काही टाकू नका. वायरलेस इअरफोन, खेळणी, विजेचे टूथब्रश यांत बॅटरी लपलेली असते.

चालू किंवा चालण्याजोगी वस्तू असेल तर यांना देण्याआधी दुरुस्तीवाल्याला दाखवा. वस्तू स्वतः उघडून तांबं काढून घेऊन उरलेलं देऊ नका. मायक्रोवेव्ह तर अजिबात उघडू नका. त्याचा कंडेन्सर प्लग काढल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो, आणि काही मॅग्नेट्रॉनच्या (लहरी तयार करणाऱ्या भागाच्या) सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असू शकतं, ते फुटून त्याची धूळ फुप्फुसात जाणं फार वाईट.

पाचपैकी चार तारे. प्लास्टिकचा कागद पूर्ण आला तर अर्धा वाढवीन, तपासणीचं टेबल सुरू झालं तर पाच. ट्यूबलाइटबद्दलच्या माझ्या पत्राला उत्तर आलं, आणि आता गाडीबरोबर लांब खोके असतात असं कळवलं आहे. तरीही बोलावताना नळ्यांची लांबी आधीच सांगा, कारण दोन फुटी आणि चार फुटी नळ्यांचे खोके वेगळे असतात.